विद्यार्थ्याचा धर्म आणि भाड्याची खोली

जून महिना उजाडला, पावसाने जोर धरला, की महाविद्यालये आणि विद्यापीठे गजबजू लागतात आणि त्याबरोबरच एक जुना प्रश्न नव्याने डोके वर काढतो. प्रवेश मिळाला, पण राहावयाचे कोठे? गुणपत्रिकेच्या जोरावर विद्यापीठाचे दार उघडते. घरमालकाचे दार गुणपत्रिका पाहून उघडत नाही. तेथे प्रथम नाव विचारले जाते, मग आडनाव, मग गाव आणि सर्वांत शेवटी भाडे. आडनाव फर्नांडिस किंवा रॉड्रिग्ज निघाले, तर कित्येकदा भाड्याची गोष्ट निघतच नाही. 'खोली कालच गेली' एवढे उत्तर मिळते. पुण्या-मुंबईस शिकावयास गेलेल्या ख्रिस्ती मुलांच्या तोंडून असले अनुभव आपण ऐकतो, क्षणभर हळहळतो आणि विसरून जातो. विषय किरकोळ वाटतो म्हणून तो विसरला जातो. आमच्या मते तो मुळीच किरकोळ नाही.

शिक्षणासाठी घर सोडणे गोमंतकीयांना नवे नाही. पोर्तुगीज अमदानीत पणजीत 1842 पासून वैद्यकीय विद्यालय होते, 1854 पासून लिसेव होते. पण इंग्रजी उच्च शिक्षण हवे असेल तर मुंबई, बेळगाव किंवा धारवाड गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. आगबोटीने किंवा मुरगाव-लोंढ्याच्या आगगाडीने मुले निघत. हिंदू मुलगा एखाद्या नातलगाच्या बिऱ्हाडी उतरे, नाही तर कोणाकडे वार लावून जेवे. पुण्यात माधुकरी मागून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या कथा आपण अभिमानाने सांगतो. 1909 साली तेथे निघालेले अनाथ विद्यार्थी गृह हे त्याच गरजेचे अपत्य होय. ख्रिस्ती मुलाला मात्र वार लावून जेवू घालणारे घर कोठले मिळणार? त्याच्यासाठी एक निराळी संस्था उभी राहिली होती. तिचे नाव 'कूड'.

कूड म्हणजे खोली. मुंबईत धोबीतलाव, कावेल, माझगाव या भागांत सासष्टी आणि बारदेशच्या गावांनी आपापल्या माणसांसाठी अशा शेकडो कुडी काढल्या. धोबीतलावच्या जेर महाल या एकाच इमारतीत अनेक गावांच्या कुडी नांदत. तेथे मुख्यतः उतरे तो तारवटी, बोटीवरच्या नोकरीची वाट पाहणारा. पण नोकरीच्या शोधात आलेला कारकून, आचारी, वादक आणि शिकावयास आलेला विद्यार्थी यांनाही तेथे आसरा होता. महिन्याची वर्गणी अगदी थोडी. प्रत्येकाची एक पेटी, त्या पेटीत त्याचा सारा संसार आणि रात्री पेटीशेजारीच पथारी. भिंतीशी वेदी, वेदीवर गावच्या इगर्जीतील संताची मूर्ती. संध्याकाळी ठरलेल्या वेळी सर्वांनी एकत्र तेर्स म्हणावयाचा हा नियम. जो चुकेल त्याला बोल लागे. गावचे फेस्त आले की कुडीतही फेस्त व्हावयाचे. थोडक्यात, गावाने आपल्या मुलाला शहरात एकटे सोडले नव्हते. छप्पर आणि श्रद्धा या दोहोंची तजवीज एकाच ठिकाणी करून ठेवली होती.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पाच-पन्नास माणसांच्या वर्दळीत अभ्यासाला शांतता मिळणे कठीण. स्त्रियांना कुडीत मज्जाव होता. आणि कूड गावची असली तरी ती गावातल्या सर्वांची नव्हती. ख्रिस्ती बांधवांपुरतीच होती. परंतु याबद्दल केवळ त्यांनाच दोष का द्यावा? आपल्याकडील वसतिगृहेही पहिल्याने जातवारच निघाली. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला, तो त्या काळाची गरज ओळखून. सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीस बसविण्याचे धाडस पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात केले आणि 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचेच नाव दिले गेले. जातवार वसतिगृह ही पायरी होती, मुक्काम नव्हता, हाच त्याचा अर्थ.

1961 साली गोवा मुक्त झाला आणि चित्र पालटले. 1962 मध्ये पणजीस धेंपे आणि मडगावास चौगुले महाविद्यालय निघाले, 1963 मध्ये म्हापशास सेंट झेवियर आणि 1964 मध्ये नुवेला मुलींसाठी कार्मेल. 1985 मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झाले. पदवीपर्यंत घराबाहेर पडण्याची सक्ती उरली नाही. तिकडे मुंबईत कुडींची कळा गेली. कित्येक बंद पडल्या, कित्येकांत आता थोडेच लोक उतरतात. पण विद्यार्थ्याचा प्रवास थांबलेला नाही. विशेष अभ्यासक्रमासाठी, संशोधनासाठी तो आजही पुण्याला, मुंबईला, बंगळूरला जातो. आणि आज तो एकटा नाही, तीही जाते. फरक इतकाच, की त्यांच्यासाठी गावाने खोली राखून ठेवलेली नसते. ज्या आसऱ्याची हमी पूर्वी स्वकीयांनी दिली होती, तो आज परक्याच्या मर्जीवर अवलंबून आहे. आणि तो परका बहुधा आपल्यापैकीच कोणी असतो.

या मुलाच्या मनाची कल्पना करून पाहावी. 2011 च्या जनगणनेप्रमाणे गोव्यात दर शंभरांत पंचवीस माणसे ख्रिस्ती आहेत. महाराष्ट्रात शंभरांत एकही पूर्ण भरत नाही. म्हणजे ज्या मुलाने इगर्जीच्या घंटेवर वेळ मोजली, तो एका रात्रीत अशा वस्तीत जाऊन पडतो, की जेथे त्याचे सण शेजाऱ्याला ठाऊकही नसतात. कोरेज्माचे चाळीस दिवस येतात. राखेच्या बुधवारी कपाळावर भस्माचा क्रूस घेऊन तो वर्गात जातो तेव्हा सोबती विचारतात, 'हे काय लागले आहे?' त्या काळातले शुक्रवार तो मांसाशिवाय काढतो. आपल्याकडे सोमवारी शिवराक पाळणाऱ्या गृहिणीला यात अनोळखी असे काय आहे? नोव्हेंबरच्या 24 तारखेला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना सुरू होते, 3 डिसेंबरला फेस्त होते. सत्रपरीक्षेचे दिवस नेमके त्याच सुमारास आले की तो पुस्तकापुढे बसून मनाने बॉ जेझूच्या पायऱ्यांवर असतो. चतुर्थीला घरी न जाता आलेल्या हिंदू मुलाची जी अवस्था होते, तीच ही अवस्था होय. रविवार हा इतरांच्या झोपेचा दिवस. तो मात्र सकाळी मीस गाठण्यासाठी बस धरतो. त्याची प्रार्थना कोंकणीत घडलेली. येथे ती इंग्रजीत किंवा मराठीत ऐकावी लागते. श्रद्धा टिकविणे म्हणजे काय, हे त्याला प्रथमच कळते. कारण गावात श्रद्धा टिकवावी लागत नव्हती, ती वाऱ्यासारखी भोवती होती.

पुण्यातील असा विद्यार्थी रविवारी क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चमध्ये गेला, तर त्याने एक गोष्ट ध्यानी घ्यावी, आणि त्याच्या घरमालकानेही घ्यावी. त्या चर्चची जागा दिली ती कोणा इंग्रज अधिकाऱ्याने नव्हे. 1792 साली सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत, पेशव्यांच्या फौजेतील ख्रिस्ती सैनिकांना उपासनेची सोय व्हावी म्हणून पेशव्यांनीच ती दिली. सोवळ्याओवळ्याचे नियम कसोशीने पाळणारे ते पुणे. वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांशी झालेल्या झुंजीस तेव्हा पन्नास-पंचावन्न वर्षेच लोटली होती. तरीही आपल्या चाकरीतील माणसाला त्याच्या देवाकरिता जागा दिली पाहिजे हे त्या दरबाराला उमगले. शनिवारवाड्याला जे जमले, ते आज दोन खोल्यांच्या मालकाला अवघड का वाटावे?

हा प्रश्न पुण्याचा आणि आपण त्यापासून मुक्त, असे मात्र कोणी समजू नये. काणकोण, केपे, सांगे येथून ताळगावच्या पठारावरील विद्यापीठात रोज ये-जा करणे सोपे नाही. 2003 साली गावडा, कुणबी, वेळीप यांची गणना अनुसूचित जमातींत झाली आणि या समाजांतील मुले-मुली, हिंदू तशीच ख्रिस्तीही, शिक्षणाकडे अधिक आशेने पाहू लागली. घराण्यात पहिल्यानेच विद्यापीठाची पायरी चढणाऱ्या ख्रिस्ती गावडा मुलीला सरकार शिष्यवृत्ती देताना धर्म विचारत नाही. राजधानीच्या परिसरात खोली शोधताना तो तिला का विचारला जावा? उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. पेडणे, सत्तरी, डिचोली येथून येणारी हिंदू मुले ताळगाव, सांताक्रुझच्या ख्रिस्ती घरांतून भाड्याने राहतात, खोलीच्या कोनाड्यात गणपतीची तसबीर लावतात आणि घरमालकिणीच्या हातचा नाताळचा कुसवारही खातात. धर्मभगिनींनी चालविलेल्या वसतिगृहांतून कित्येक हिंदू घरांच्या मुली राहून शिकल्या. त्यांचे आईबाप त्या सुरक्षित असल्याच्या खात्रीने निर्धास्त झोपले. हा उपकार नव्हे, शेजारधर्म आहे. पण शेजारधर्माची वाट दोन्ही अंगणांतून जावी लागते.

आक्षेप येतील, आणि ते सारेच दुष्टबुद्धीचे असतील असे नव्हे. मुख्य आक्षेप स्वयंपाकघराचा. आमच्या घरात मांस शिजत नाही, अमुक एक मांस तर घरात येताच कामा नये, असे एखादी वृद्ध गृहिणी म्हणत असेल तर तिच्या भावनेचा मान राखला पाहिजे. परंतु त्यासाठी अट घालावी. ती सर्वांना सारखी असावी आणि खोली दाखविण्यापूर्वी स्पष्ट सांगावी. ती पाळावयाची की दुसरीकडे जावयाचे, हे विद्यार्थ्याने ठरवावे. अट आचरणाला असू शकते. नावाला असू शकत नाही. मासळीवाचून ज्यांचा घास उतरत नाही अशा आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांनी परगावी शाकाहारी घरमालकाचे असले नियम निमूटपणे पाळलेच आहेत. दुसरा आक्षेप 'लोक काय म्हणतील' हा. लइराईची बहीण म्हणून म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला श्रद्धेने तेल वाहणारे लोक काही म्हणतील, ही भीती निदान गोव्यात तरी कोणी घालू नये.

कायदा या कामी फारसा उपयोगी पडणारा नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. धर्मावरून भेदभाव करू नये हे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाचे बंधन मुख्यतः शासनावर आहे. खाजगी घरमालकाच्या उंबरठ्याशी ते थबकते. विशिष्ट समाजापुरत्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्वावर तशी मर्यादा घालण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली मान्य केलेला आहे. तेव्हा न्यायालयाकडे बोट दाखवून आपल्याला सुटता येणार नाही. जेथे कायद्याची हद्द संपते तेथे सज्जनपणाची सुरू होते, आणि समाजाची पारख तेथेच होते.

काही गोष्टी सहज करता येण्यासारख्या आहेत. विद्यापीठाने आणि महाविद्यालयांनी आसपासच्या भाड्याच्या खोल्यांची यादी ठेवावी, तीत भाडे व अटी लेखी नोंदवाव्यात आणि आडनाव पाहून नकार देणाऱ्याचे नाव यादीतून काढावे. वसतिगृहांची क्षमता वाढवावी. ती कोणा एका समाजाची न करता सर्वांची करावी. परीक्षांचे वेळापत्रक आखताना चतुर्थीइतकाच नोव्हेनेचा आणि गुड फ्रायडेच्या सप्ताहाचा विचार व्हावा. ख्रिस्ती समाजातील जाणत्यांनीही, जेथे कुडी आणि धर्मसंस्थांच्या जागा रिकाम्या पडल्या असतील तेथे, त्यांची दारे सर्वधर्मीय विद्यार्थ्यांना, विशेषतः मुलींना, खुली करण्याचा विचार करावा. गावाने मुलासाठी बांधलेले घर मुलांच्या उपयोगी पडले, तर बांधणाऱ्यांचा हेतू सफळच होईल.

राहता राहिला घरमालक. आपल्या ओसरीवर उभा असलेला, हातात पिशवी आणि डोळ्यांत चिंता असलेला मुलगा कोणत्या इगर्जीत जातो याची चौकशी करण्याआधी तो कोणत्या वर्गात जातो हे विचारावे. संध्याकाळी त्याच्या खोलीतून तेर्सचे शब्द ऐकू आले, तर आपल्या घरातही दिवेलागणीला शुभंकरोती म्हटले जाते हे आठवावे. ज्या घरात देवाचे नाव घेतले जाते त्या घराला दुसऱ्याने घेतलेले देवाचे नाव जड होण्याचे कारण नाही. हे वर्ष तरी कोणा विद्यार्थ्याला नावामुळे पावसात परत फिरावे लागू नये, एवढी काळजी आपण प्रत्येकाने आपल्यापुरती घेतली, तरी पुष्कळ झाले.