दारचा वाळुंज

सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या आणि पुण्याच्या मुळा-मुठेच्या काठी, जिथे मातीतली ओल सहसा आटत नाही अशा जागी, खालच्या अंगाला पांढुरकी झाक असलेली निमुळती पाने वाऱ्यावर उलटसुलट करीत उभा असलेला वाळुंज पुष्कळांनी पाहिला असेल. परंतु ज्या विलोच्या लाकडाची क्रिकेटची बॅट होते त्याचाच हा एतद्देशीय भाऊबंद आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने त्याचे नाव ‘सॅलिक्स टेट्रास्पर्मा’, म्हणजे चार बियांचा, असे ठेवले. शोभेसाठी परदेशी विलो मागविणाऱ्यांनी या मूळच्या वतनदाराची उपेक्षा करावी, याचा मला मनापासून खेद वाटतो.

त्याचे म्हाताऱ्यांसारखे तरंगत जाणारे बी इतके अल्पजीवी असते की ते साठविण्याची तजवीज व्यर्थच. त्यापेक्षा पेन्सिलीएवढ्या जाडीची हातभर फांदी पावसाळ्याच्या तोंडी ओल्या मातीत निम्मी खोचावी. ती सहज मुळे धरते. मात्र ती कोणत्या झाडाची, याची चौकशी अगोदर करावी, कारण वाळुंजात नर आणि मादी झाडे स्वतंत्र असतात आणि फांदीपासून वाढलेले झाड मूळ झाडाचेच लिंग चालविते. पावसाळा सरल्यावर, नव्या पालवीच्या संगतीने, बोटभर लांबीचे तुरे येतात. नराचा तुरा भिंगाखाली धरला तर पाकळ्यांचा पत्ताच नसलेल्या इवल्या फुलांत पिवळ्या पुंकेसरांचा झुबका आणि त्याच्या बुडाशी मधाची ग्रंथी दिसते. मादीजवळ मध आहे, पराग नाही. म्हणून एकाच झाडापुरती जागा असेल तर, पोळ्यातल्या अळ्यांसाठी पराग वाहून नेणाऱ्या सातेरी माश्यांचा विचार करून, नरच निवडावा. विहीर, नळ व गटार यांच्या हद्दीपासून तो दूर ठेवावा, आणि दरसाल निम्म्याच फांद्या छाटाव्यात, म्हणजे झुडूपही आटोक्यात राहते आणि तुरेही हुकत नाहीत.

कोवळी पाने कुरतडलेली दिसली, की औषधाचा पंप उचलण्याचा आपला शिरस्ता आहे. तो इथे अवश्य मोडावा. नारिंगी पंखांवर बिबट्यासारखे काळे ठिपके मिरविणारे एक फुलपाखरू आपली अंडी याच पालवीवर घालते. पान खाणारी काटेरी अळी पुढे हिरवा कोश होऊन लटकते, आणि त्या कोशावर, अगदी जवळ जाऊन पाहिल्यास, रुपेरी ठिपके चकाकताना दिसतात.