तुमची 'ओसी' खरंच तुमची आहे?

वहीच्या शेवटच्या पानावर तुम्ही एक निन्जा मुलगी काढलीय. कपाळाला कोनोहा गावची पट्टी, स्वभाव तिरसट आणि उंचीची भयंकर भीती. इन्स्टावर टाकताना खाली लिहिलंत, 'माझी ओसी'. म्हणजे ओरिजिनल कॅरेक्टर. पण थांबा, खरंच?

चेहरा, स्वभाव, भीती हे सगळं तुमचं. ते गाव, ती पट्टी, चक्राचे नियम मात्र मासाशी किशिमोतोच्या 'नारुतो'मधले. अशा पात्राला फॅन कॅरेक्टर म्हणायचं.

यात कमीपणा काहीच नाही. जग तयार मिळालं की सगळं लक्ष पात्रावर देता येतं आणि हात बसतो. अडचण येते ती तिचं कॉमिक छापून विकायला काढलंत की. उसन्या जगाच्या मालकाची परवानगी लागते. भारतात लेखक गेल्यावरही ६० वर्षं कॉपीराइट टिकतो. त्यामुळे १९३० मध्ये वारलेल्या कॉनन डॉइलचा शेरलॉक खुशाल पुण्यात आणा, पण नारुतोला आणता येणार नाही.

मग वाट काय? ई. एल. जेम्सची 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' मुळात 'ट्वायलाइट'ची फॅन फिक्शन होती. नावं बदलून २०११ मध्ये ती स्वतंत्र कादंबरी म्हणून आली.

तुम्हीही करून बघा. पट्टी पुसा, गाव काढून टाका, मुलीला एसटी स्टँडवर उभी करा. तिथेही ती कंडक्टरशी वाद घालतेय, घाटात खिडकीचा पडदा ओढून घेतेय? मग ती तुमचीच. आणि नुसती एक अनोळखी मुलगी उरली असेल, तर पेन्सिलीला टोक काढा. काम बाकी आहे.