मशीद बंदरची ‘मशीद’

मध्य रेल्वेच्या मशीद स्थानकावर उतरणाऱ्या कोणासही विचारावे, की हे नाव कोणत्या मशिदीवरून पडले? बहुतेक जण जवळच्या जकरिया मशिदीकडे बोट दाखवतील. मीही लहानपणी तसेच समजत असे. भात बाजारातील आमच्या पेढीवर गादीला टेकून बसलेल्या आजोबांनी एका दुपारी माझी समजूत दुरुस्त केली. ते म्हणाले, “अरे, ती यहुद्यांची मशीद!”

हे यहुदी म्हणजे कोकणातले बेने इस्राएल. त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगाव किनाऱ्यावर गलबत फुटून आले, ही त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा. गावोगावी त्यांनी तेलाचे घाणे चालवले. मात्र शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. आडनावे दिवेकर, पेणकर, केहीमकर अशी गावांवरून पडलेली, आणि घरातली बोली मराठी. आपल्या प्रार्थनालयालाही ते ‘मशीद’च म्हणत.

आजोबांच्या गोष्टीचा नायक सामाजी हसाजी दिवेकर. त्याचे हिब्रू नाव सॅम्युएल इझिकिएल. कंपनी सरकारच्या फौजेतला हा सैनिक म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. परंपरा असे सांगते की, कैद्यांना धर्म विचारला तेव्हा त्याने ‘बेने इस्राएल’ असे उत्तर दिले. हे नाव आपल्या पवित्र ग्रंथात आहे, असे म्हणून टिपूच्या आईने त्याचे प्राण वाचविले. सुटून परतल्यावर सामाजीने 1796 साली मुंबईतले पहिले यहुदी प्रार्थनालय बांधले. त्याचे नाव ‘शार हारहमीम’, म्हणजे करुणेचे द्वार. आईच्या मध्यस्थीचा तपशील कागदोपत्री कितपत टिकेल, याची मला चिंता नाही. हिंदू वस्तीत वाढलेला यहुदी एका मुसलमान मातेमुळे वाचला, ही कथा सांगणाऱ्यांना ती खरी वाटत आली, हेच मोलाचे. 1860 मध्ये प्रार्थनालय सध्याच्या जागी आले. तो रस्ता आजही सॅम्युअल स्ट्रीट म्हणून ओळखला जातो.

त्याच परिसरात आपले कच्छी समाजबांधव धान्याच्या व्यापारात स्थिरावले. शेठ नरशी नाथा यांच्या पुढाकाराने श्री अनंतनाथ प्रभूंचे देरासर उभे राहिले. शेठ केशवजी नायक यांनी 1876 मध्ये बांधलेला कारंजा व घड्याळाचा मनोरा आजही भात बाजारात उभा आहे. बंदरावर उतरणारे धान्य, ते तोलणारे कच्छी, वाहणारे घाटावरचे हमाल आणि हिशेब लिहिणारे यहुदी कारकून यांची एकाच गल्लीत गाठ पडत असे.

आजोबांच्या आठवणीत असाच एक गिऱ्हाईक होता. तो शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी धावत येऊन देणे चुकते करी, कारण शनिवारी त्याला पैशाला हात लावायचा नव्हता. पर्युषणात आपली पेढी बंद ठेवणाऱ्या आजोबांना हे नव्याने समजावून सांगावे लागले नाही. उशीर झालाच, तर ते रक्कम चोपड्यात ‘रविवारी येणे’ अशी लिहून ठेवीत.

पुढे ते कुटुंब इस्राएलला गेले. 1948 नंतर त्या समाजातील बहुसंख्य तिकडेच स्थायिक झाले. तेथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघू लागले. धान्याचा घाऊक बाजार वाशीला हलला, तेव्हा आमचीही पेढी हलली. त्या गडबडीत जुने लाल चोपडे रद्दीच्या भावाने गेले. हा दोष कोणाचा नाही, माझाच. सामान बांधायला मीच होतो. कोणत्या शुक्रवारी, कोणाच्या नावे, किती रुपये, हे आता मला कोठेही पाहता येणार नाही.

म्हणून गेल्या दिवाळीपासून एक वही केली आहे. चोपडापूजनानंतर वडीलधाऱ्यांना बसवून बाजाराच्या आठवणी विचारतो. पंचाऐंशी वर्षांच्या एका काकांनी मलिद्याची आठवण सांगितली. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे आणि फळे असा तो प्रसाद बेने इस्राएल शेजारी एलियाहू हन्नाबीच्या नावाने वाटत. काकांच्या आईने प्रथम चौकशी केली, “यात कंदमूळ नाही ना?” पुढच्या वर्षी शेजारीण दारातूनच ओरडली, “बाई, कंदमूळ नाही हं!”

वहीच्या पहिल्या पानावर तेच लिहिले आहे.