परगावच्या सामन्याला जाताना जेवावे कुठे?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवेलागणीची वेळ होती. मोडनिंबला माझ्या दवाखान्यासमोर एक जीप थांबली आणि तिच्यातून कबड्डीच्या संघातली आठ पोरे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उतरली. अंगावर अजून संघाचे बनियन होते, पण चेहरे पार उतरलेले. बरोबरचे सर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, काल दोन सामने जिंकले पोरांनी. आज सकाळी उपांत्य फेरी होती. चौघांना घेऊन काय खेळणार? सोडून आलो बघा."

रात्री काय खाल्ले, असे मी विचारले. दहा वाजता गाडीवरचा फ्राइड राइस खाल्ला होता. स्वस्त होता, पोरांच्या आवडीचा होता आणि मुक्कामाच्या जागेपासून दोन पावलांवर मिळत होता. रात्री एकपासून उलट्या सुरू झाल्या. ज्यांनी डब्यातली चपाती-भाजी खाल्ली होती ते चौघे ठणठणीत होते. आठांपैकी सात जण साखर-मिठाच्या पाण्यावर सावरले. आठव्याचे डोळे खोल गेले होते आणि सकाळपासून त्याला लघवी झाली नव्हती. त्याला सलाइन लावावे लागले. तो संघातला मुख्य चढाईपटू होता. अशा स्पर्धांतूनच विद्यापीठाचा संघ निवडला जातो. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि तिथवर पोचायची वाट याच पायऱ्यांवरून जाते. सलाइन चालू असताना तो पोरगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला काय बोलावे, हे मला सुचले नाही.

वाचकहो, आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी परगावी खेळायला निघाली की आपण बूट पाहतो, गणवेश पाहतो, गाडीचे वेळापत्रक पाहतो. जेवणाचे मात्र "तिकडे काहीतरी मिळेल" यावर सोडून देतो. म्हणून या आठवड्यात या 'काहीतरी'विषयी लिहीत आहे.

भातात असे काय होते?

कच्च्या तांदळात 'बॅसिलस सिरिअस' नावाच्या जंतूची बीजे असू शकतात. भात शिजवला तरी ती मरत नाहीत. गरम भात लगेच खाल्ला तर त्रास नाही. पण दुपारी शिजवलेला भात रात्रीपर्यंत तसाच पातेल्यात राहिला, तर ती बीजे रुजतात, जंतू वाढतात आणि एक विष तयार होते. हे विष पुन्हा परतल्याने किंवा तळल्याने नष्ट होत नाही. कढईतून जाळ निघताना दिसतो, आपल्याला वाटते सगळे जंतू मेले. जंतू मरतातही, पण विष तसेच राहते. खाल्ल्यानंतर एक ते पाच तासांत उलट्या सुरू होतात.

दुसरा असाच प्रकार खवा, पेढा, बासुंदी यांसारख्या दुधाच्या पदार्थांचा. बनवणाऱ्याच्या हाताला गळू किंवा पिकलेली जखम असेल, तर तिच्यातले जंतू पदार्थात जातात आणि उबेत वाढतात. त्यांचे विषही उकळून जात नाही. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ उघड्यावर ठेवू नये, असा साधा नियम आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात तर एक तासच धरावा.

माझीही एक फजिती

उपदेश करणाऱ्याने आपली चूक आधी सांगावी. सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ 2004 साली झाले. त्याआधी आपल्या जिल्ह्यातली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, त्यामुळे मोठ्या स्पर्धांना आम्ही कोल्हापूरला जात असू. विद्यार्थिदशेत मी खो-खो खेळत होतो. सामना दुपारी तीनचा होता. कोल्हापूरला येऊन तांबडा-पांढरा रस्सा खाल्ला नाही तर लोक काय म्हणतील, या विचाराने आम्ही एक वाजता बसलो आणि वाटीवर वाटी रिचवली. आक्रमणाच्या पहिल्या पाळीतच माझ्या कुशीत कळ आली आणि खांबाला धरून मी ओकलो. रस्सा ताजा होता, चविष्ट होता. त्याचा काही दोष नव्हता. माझी वेळ चुकली होती.

तेल-तूप आणि मटण पोटात बराच वेळ राहते. भात, पोहे, इडली त्यामानाने लवकर पुढे सरकते. आपण धावू लागलो की शरीर रक्ताचा ओघ पायांच्या आणि हातांच्या स्नायूंकडे वळवते, पचनसंस्थेला कमी मिळते. भरलेले पोट मग तक्रार करते. म्हणून पोटभर जेवण सामन्याच्या तीन ते चार तास आधी उरकावे. एक-दीड तास आधी भूक लागलीच तर एखादे केळे पुरे.

यावरून मी एक नियम केला आहे आणि तोच प्रत्येक संघाला सांगतो. सामन्याआधी साधे ठिकाण, नावाजलेले ठिकाण सामन्यानंतर.

गावोगावी काय करावे?

पंढरपूर आपल्याला जवळ. सामना दुपारचा असेल तर घरूनच जेवून निघावे, हे उत्तम. कार्तिकी एकादशीच्या आसपास स्पर्धा असेल तर गावात वारकऱ्यांची दाटी असते, पाण्याचा आणि स्वच्छतेचा ताण असतो. त्या दिवसांत पाणी आणि डबा दोन्ही घरचे न्यावे.

सोलापूर शहरात तेलुगू आणि कन्नड भाषकांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे इडली-डोसा ठिकठिकाणी मिळतो. वाफेतून निघालेली गरम इडली हा सामन्याच्या सकाळचा चांगला नाश्ता. पचायला हलकी, तिखट नाही आणि डोळ्यांसमोर भांड्यातून निघते. ओल्या खोबऱ्याची चटणी मात्र सकाळपासून उघडी असेल तर सोडावी, सांबार गरम असेल तर घ्यावे. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी प्रवासाला फार सोयीची. त्यात पाण्याचा अंश नसल्याने ती दिवसेंदिवस टिकते. अडल्या वेळी जंतूंनी भरलेल्या भातापेक्षा ती केव्हाही बरी. मात्र सामन्याच्या तोंडावर नको. चटणीत तेल आणि तिखट असते, भाकरी सावकाश पचते आणि तहान फार लागते. आदल्या रात्री किंवा परतीच्या वाटेवर ती खावी.

कोल्हापूरचे सांगून झाले. मिसळ असो की रस्सा, निकाल लागल्यावर खावा. संध्याकाळी कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिण्याची तिथे जुनी रीत आहे. खेळाडूला दूध चांगलेच, पण कच्च्या दुधातून आजार होऊ शकतात. तापवलेले मागून घ्यावे, आणि तेही खेळून झाल्यावर.

पुण्याला जाताना आपली गाडी टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण अशी जाते. भिगवणला उजनीच्या पाण्यातल्या माशांची थाळी मिळते आणि चालकापासून सरांपर्यंत सर्वांचे मन तिकडे ओढ घेते. माझे सांगणे एवढेच की तो बेत परतीचा ठेवावा. पुण्यात पेठांतून आणि महाविद्यालयांच्या आसपास विद्यार्थ्यांच्या खानावळी आहेत. चपाती, भाजी, वरण-भात असे साधे ताट तिथे मिळते. संघासाठी तीच जागा योग्य.

खानावळच का म्हणतो? रस्त्यावरच्या ढाब्याला आपले तोंड पुन्हा दिसणार नसते. खानावळीत मात्र तीच मुले रोज जेवायला येतात. एक दिवस अन्न बिघडले तर दुसऱ्या दिवशी पन्नास जण जाब विचारतात. त्यामुळे गावात पोचल्यावर तिथल्या विद्यार्थ्यांना "फेमस कुठे मिळते?" असे विचारू नका. "तुम्ही स्वतः रोज कुठे जेवता?" असे विचारा.

बसण्यापूर्वी पाच गोष्टी पाहाव्यात. अन्न समोर शिजते आहे की सकाळचे गरम होते आहे? वाढणारा हात धुतो का? पिण्याचे पाणी झाकलेले आहे का? ताटे कोरडी आहेत का? आणि भिंतीवर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक लावला आहे का? हा क्रमांक लावला म्हणजे अन्न ताजे अशी हमी मिळत नाही, पण उद्या काही झाले तर जबाबदार कोण, ते कळते. कापून ठेवलेली फळे, बर्फ घातलेला उसाचा रस आणि गोळा सामन्याच्या दिवशी वर्ज्य समजावेत. सोलून खायचे केळे किंवा मोसंबे चालेल.

मुलींच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट

ही गोष्ट सहसा कोणी बोलत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. खो-खोच्या मुली माझ्याकडे पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून आल्या होत्या. खोदून विचारल्यावर एक जण खाली मान घालून म्हणाली, "डॉक्टर, प्रवासात आम्ही पाणीच पीत नाही. वाटेत जायला जागा नसते." सकाळी सहाला निघालेल्या मुली दुपारी मैदानात उतरेपर्यंत कोरड्या राहिल्या होत्या.

शरीराच्या वजनाच्या दोन टक्के इतके पाणी कमी झाले तरी खेळ मंदावू लागतो. 50 किलोच्या मुलीच्या बाबतीत हे म्हणजे फक्त एक लिटर. शिवाय लघवी दाबून ठेवल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, तो वेगळाच. म्हणून मुलींचा संघ जेवायला कुठे थांबवायचा, हे ठरवताना आधी स्वच्छतागृह पाहावे आणि मग जेवण. दाराला कडी आहे, आत पाणी आहे, एवढे सरांनी किंवा बाईंनी आधी उतरून पाहिले पाहिजे. मुलींना स्वतः विचारायला लावू नये. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. त्यात भारताच्या मुलींनी विजेतेपद मिळवले आणि कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. आपल्या मुली तिथवर जाऊ शकतात. त्यांना वाटेत पाणी पिण्याची भीती वाटता कामा नये.

लघवीचा रंग पाहणे ही पाण्याची सर्वांत सोपी परीक्षा. फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद असेल तर पाणी कमी पडते आहे.

त्रास झालाच तर

संघाच्या पिशवीत जलसंजीवनीची पाकिटे असलीच पाहिजेत. एक पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवावे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा घोट-घोट द्यावे. हा उपाय साधा दिसतो म्हणून कमी लेखू नका. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी याच पाण्यावर असंख्य पटकीचे रुग्ण वाचवले.

दुकानातून जुलाब बंद होण्याची गोळी आणून मुलाला मैदानात उतरवू नये. सहा-आठ तास लघवी नाही, उलटी थांबत नाही, शौचातून रक्त जाते, मूल गुंगीत आहे किंवा ताप चढला आहे, यांपैकी काहीही दिसले तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सामना पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

क्रीडाशिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. प्रवासभत्ता तुटपुंजा असतो हे मला माहीत आहे. पण निघण्यापूर्वी यजमान महाविद्यालयाला एक फोन करून वसतिगृहाच्या खानावळीत आपल्या बारा ताटांची सोय होईल का, एवढे विचारावे. पुष्कळदा ती होते, आणि स्वस्तात होते. पालकांनी आदल्या रात्रीपुरता तरी चपाती आणि सुक्या भाजीचा डबा द्यावा.

तो चढाईपटू पुढच्या वर्षी पुन्हा खेळायला गेला. जाण्याआधी दवाखान्यात येऊन त्याने मला पिशवी उघडून दाखवली. कडक भाकरी, सहा केळी आणि जलसंजीवनीची चार पाकिटे. "संघासाठी घेतलीत," म्हणाला. मी त्याच्याकडून तपासणीचे पैसे घेतले नाहीत.