'अरेस्ट' आणि 'डिटेन' यात नेमका फरक काय? नगरच्या किल्ल्यातले नेते नक्की कशात होते?

"पोलिसांनी चौघांना ताब्यात घेतलं," अशी बातमी येते. अर्ध्या तासात ती व्हॉट्सअ‍ॅपवर "चौघांना अटक" होऊन फिरायला लागते. कुणी इंग्रजीत लिहितं 'अरेस्टेड', कुणी 'डिटेन्ड'. बहुतेकांना वाटतं, दोन्ही एकच. पण कायद्याच्या भाषेत या दोन शब्दांमध्ये बरंच अंतर आहे.

आधी शब्द समजून घेऊ

'अरेस्ट'चा मूळ अर्थ थांबवणं. म्हणूनच हृदय बंद पडलं की डॉक्टर 'कार्डिअ‍ॅक अरेस्ट' म्हणतात. पोलिसांच्या संदर्भात अरेस्ट म्हणजे अटक, म्हणजे गुन्ह्याच्या आरोपावरून किंवा संशयावरून कायदेशीररीत्या पकडणं.

'डिटेन' म्हणजे अडकवून ठेवणं, पुढे जाऊ न देणं. हजेरी कमी भरली म्हणून कॉलेज विद्यार्थ्याला 'डिटेन' करतं, कागदपत्रांसाठी विमानतळावर प्रवाशाला 'डिटेन' करतात. इथे गुन्हा असायलाच हवा असं नाही.

गंमत म्हणजे या एका इंग्रजी शब्दासाठी मराठी बातम्यांमध्ये दोन शब्द येतात. आंदोलकांना गाडीत बसवून नेलं आणि संध्याकाळी सोडलं, तर 'ताब्यात घेतलं'. कुणाला पुढे गुन्हा करू नये म्हणून महिनोन्महिने तुरुंगात ठेवलं, तर 'स्थानबद्ध केलं'.

अहमदनगरच्या किल्ल्यात काय झालं होतं?

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँक मैदानावर 'भारत छोडो'चा ठराव झाला. ९ ऑगस्टच्या पहाटे इंग्रज सरकारने नेत्यांना उचललं. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशा काँग्रेस कार्यकारिणीतल्या नेत्यांना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्यात आणलं.

आपण सहज म्हणतो, त्यांना अटक झाली. पकडलं त्या क्षणापुरतं ते बरोबरच आहे. पण पुढे ना आरोपपत्र, ना खटला, ना शिक्षा. त्यामुळे सुटकेची तारीखही नाही. युद्धकाळातल्या 'डिफेन्स ऑफ इंडिया' नियमांखाली ते स्थानबद्ध होते. एप्रिल १९४३ मध्ये आझाद यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात गेल्या, तेव्हाही आझाद याच किल्ल्यात होते.

नेहरूंनी इथेच १९४४ मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. मार्च १९४५ मध्ये त्यांना इथून हलवलं आणि १५ जून १९४५ ला अल्मोड्याहून सोडलं. एकूण १,०४१ दिवस, तेही एकदाही खटला न चालता.

आज कायदा काय सांगतो?

संविधानाच्या कलम २२ मध्ये दोन्ही गोष्टी आहेत.

• अटक झाली तर: कारण सांगावं लागतं. वकिलाशी बोलण्याचा हक्क मिळतो. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावं लागतं.

• प्रतिबंधात्मक स्थानबद्धता असेल तर: २४ तासांचा नियम लागू होत नाही. मात्र कारणं शक्य तितक्या लवकर कळवावी लागतात आणि बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचं तर सल्लागार मंडळाची मान्यता लागते.

नगर जिल्ह्यातल्या बातम्यांमध्ये 'एमपीडीए' हा शब्द तुम्ही वाचला असेल. हा महाराष्ट्राचा १९८१ चा कायदा. हातभट्टीवाले, 'धोकादायक व्यक्ती', वाळू तस्कर अशांना याखाली जास्तीत जास्त एक वर्ष स्थानबद्ध करता येतं. ही शिक्षा नाही आणि नेहमीच्या अर्थाने अटकही नाही.

मग 'ताब्यात घेतलं' म्हणजे काय?

खरा गोंधळ इथेच आहे. पोलिसांचा कायदेशीर आदेश न पाळणाऱ्याला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ नुसार ताब्यात घेता येतं. किरकोळ प्रकरण असेल तर २४ तासांच्या आत सोडावं लागतं. नोटीस देऊन चौकशीला बोलावणं ही मात्र अटक नव्हे.

पण समजा, एखाद्याला रात्रभर चौकीत बसवून ठेवलं, घरी जाऊ दिलं नाही आणि घरच्यांना सांगितलं, "अटक नाही, फक्त ताब्यात घेतलंय." मग २४ तास कधीपासून मोजायचे? मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्ये कस्टम्सच्या एका प्रकरणात याचं उत्तर दिलंय. कागदावर अटकेची वेळ कोणतीही असो, माणसाचं स्वातंत्र्य ज्या क्षणी रोखलं, त्या क्षणापासून अटक सुरू होते. थोडक्यात, शब्द बदलून घड्याळ थांबवता येत नाही. घरच्यांनी नेल्याची वेळ लिहून ठेवावी ती यासाठीच.

शेअर करण्यापूर्वी

बातमीत 'ताब्यात' असेल तर 'अटक' लिहू नका. 'स्थानबद्ध' असेल तर 'शिक्षा झाली' म्हणू नका. आणि अटक झाली असली, तरी गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. संध्याकाळी सोडून दिलेल्या पोराच्या नावापुढे तुम्ही लिहिलेलं 'अरेस्टेड' मात्र पुढची कितीतरी वर्षं सर्चमध्ये दिसत राहतं.