पोळी मोठी म्हणून गाय दुधाळ?

परभणी तालुक्यातल्या पेडगावच्या भागात लाल कंधारी आणि देवणी या दोन्ही जाती ओळखीच्या. जनावर पारखताना गळ्याखालच्या पोळीवर, म्हणजे लोंबणाऱ्या कातडीवर, नजर जातेच. देवणीची पोळी तर जाड, घड्या पडलेली, चालताना हलणारी. ती भरघोस असली की गाय दुधाळ निघणार, असं खात्रीनं सांगतात. पण मुऱ्हा म्हशीला पोळी जवळजवळ नसतेच, तरी दूध कितीतरी जास्त. दुधाचा अंदाज कास, सड आणि आईच्या दुधावरून घ्यावा; पोळीवरून फार तर जात ओळखता येते.

ऊन सोसण्याचं सगळं श्रेयही पोळीलाच देतात. तिच्यामुळे कातडीचं क्षेत्रफळ वाढतं, हे खरं. पण १९५०च्या दशकातल्या प्रयोगात लाल सिंधी वळूंची पोळी शस्त्रक्रियेनं काढली, तरी त्यांची उन्हाची सहनशक्ती फारशी घटली नाही. मराठवाड्यातला मे आपल्या गाई काढतात तो आखूड तुकतुकीत केस, भरपूर घामग्रंथी आणि अंगात कमी तयार होणारी उष्णता यांच्या बळावर.

सगळ्यात घातक समज सुजेचा. पोळी सुजली की डाग द्यायचा, उतरते म्हणतात. आधी बोटानं दाबून पाहा. सूज गरम, दुखरी, सोबत १०५-१०६ अंश ताप आणि घशात घरघर असेल तर तो घटसर्प असू शकतो. जनावर दिवसभरातही दगावतं, म्हणून डॉक्टरांना त्याच घटकेला बोलवा. घटसर्पाची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यायची असते. सूज थंड, मऊ आणि बोट काढल्यावर खळगा तसाच राहत असेल, तर पाणी उतरलंय. जबड्याखाली असेल तर यकृतातल्या कृमींचा संशय येतो. पोळी आणि छातीशी असेल तर चाऱ्यातून पोटात गेलेली तार हृदयापर्यंत टोचली असण्याची भीती असते. यातल्या एकाही दुखण्यावर तापलेली सळई चालत नाही. जखम मात्र होते आणि मोलाचे तास जातात. परभणीतच पशुवैद्यक महाविद्यालय आहे, जनावर तिथं न्यावं.

गळ्याबद्दलचे गैरसमज गुरांपुरतेच नाहीत. गळा लाल झालेला सरडा लांबूनच रक्त पितो, असं मुलांना अजून सांगतात. तो किडे खातो. विणीच्या काळात नराचा गळा लालभडक होतो, एवढंच. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरच्या वेगळ्या जातीच्या सरड्याचा नर गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडून मादीला आकर्षित करतो आणि दुसऱ्या नराला दटावतो.

माणसाच्या गळ्याखालची कातडी वयानं किंवा वजन झपाट्यानं उतरल्यानं सैल पडते. तिला गलगंड समजून घाबरू नये. घोट गिळताना वरखाली सरकणारी गाठ दिसली, तर मात्र थायरॉईडची तपासणी करून घ्यावी. नुसती लोंबणारी कातडी मलमांनी फारशी आवळत नाही.