रद्दी कागदावर तपासा सोयाबीनची उगवण

सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे. त्यामुळे सुधारित वाणाचे बियाणे दरवर्षी विकत घेण्याची गरज नसते, घरचे चालते. परंतु या दाण्याची साल पातळ व नाजूक असते. मळणीत किंवा पोती आपटताना मार बसल्यास दाणा वरून चांगला दिसतो, पण उगवत नाही आणि दुबार पेरणीची पाळी येते. म्हणून घरीच, बिनखर्चात पुढीलप्रमाणे परीक्षा घ्यावी.

साहित्य : जुनी वर्तमानपत्रे, दोरा, प्लॅस्टिकची पिशवी, पाणी.

कृती : पोत्याच्या वरून, मधून व तळातून मूठमूठ बी काढून मिसळावे. त्यातून सरसकट १०० दाणे मोजावेत. चांगले तेवढे वेचू नयेत. कागदाच्या चार घड्या करून तो भिजवावा. घडीच्या कडेला दोन-दोन सें.मी.वर १० दाणे मांडून गुंडाळी करावी व सैल बांधावी. अशा १० गुंडाळ्या पिशवीत घालून ४ दिवस सावलीत ठेवाव्यात. कागद सुकू देऊ नये.

निष्कर्ष : चांगले मूळ व कोंब असलेलेच दाणे मोजावेत. ते ७० किंवा जास्त भरल्यास एकरी ३० किलो बियाणे पुरते. त्याखाली दर टक्क्यास अर्धा किलो वाढवावे. म्हणजे ६५ टक्क्यांस साडेबत्तीस किलो. ६० टक्क्यांपेक्षा कमी उगवणीचे बियाणे पेरू नये.

ही तपासणी पेरणीच्या किमान पंधरा दिवस आधी करावी, म्हणजे दुसरे बियाणे मिळविण्यास सवड राहते. पेरणी मात्र ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावरच करावी.